सरकीची टरफलं

आईला दर आठवड्याला उपचारासाठी यवतमाळला न्यायचं होतं, म्हणून मी जुनी गाडी शोधत होतो. दिग्रसच्या दलालाकडे दोन छोट्या एसयूव्ही होत्या, दोन्ही मॉडेलं आता बंद झालेली. पांढरी भरपूर पळालेली, ओरखड्यांची. लाल जवळजवळ नवी, आणि मी लालच घेणार होतो.

सोबत आणलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं मीटरकडे पाहिलंही नाही. लाल गाडीची डिकी उघडून त्यानं स्टेपनीखाली हात घातला आणि सरकीची कुरतडलेली टरफलं माझ्या तळहातावर ठेवली.

"कापसाचे भाव पडले, सरकी काढायची जिनिंग मिल बंद झाली, तवा हे गाडी तिथंच उभी होती. उंदरं राहत होते हिच्यात. वायरिंग खाल्ली असन."

बॉनेट उघडल्यावर तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याचं बोट आत नेमकं कुरतडलेल्या वायरीवर होतं.

"पांढरी घ्या. चालत राह्यली, म्हणून धड हाये."

"हे सगळं कसं कळतं, चाचा?"

त्यानं सावकाश हात पुसले.

"त्याच जिनिंगात मी फिटर होतो. दोन वर्षं घरी बसलो. मंग पाना धरला, तर बोटंच वळेनात."