कारण नसलेली ओळ

गोंदियातल्या आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायचा तो एकटाच. सेटिंगमधला प्रत्येक बदल गिटमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, नोंदवायचा आणि सोबत कारण लिहायचं, हा त्याचा नियम. कारण नसलं की खुर्ची वळवून विचारायचा, "काऊन बदलवलं?" आणि उत्तर मिळेपर्यंत खर्रा चघळत बघत राहायचा.

रोजचं काम चालायचं त्या खऱ्या सर्व्हरच्या सेटिंग फाइलीत मात्र त्यानेच टाकलेली एक ओळ होती. नोंदीत कारणाच्या जागी नुसतं "असू द्या." चाचणीच्या सर्व्हरवर ती ओळ नव्हती, तरी तिथे सगळं नीट चालायचं. मला काही उलगडेना. एका सकाळी मी ती खऱ्यावरूनही काढून टाकली.

दहा मिनिटांत गोरेगावच्या धान खरेदी केंद्रावरून फोन आला. आमच्या सर्व्हरवरून निघणाऱ्या त्यांच्या पावत्या निघत नव्हत्या आणि बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती.

तो उठला आणि त्याने जुनी फाइल परत आणली. पावत्या सुरू झाल्या. मग नेहमीचाच प्रश्न, "काऊन काढली?"

"भाऊ, ती करते काय तेच समजत नव्हतं."

"मलेबी नाही समजत."

त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"कारण लिही मंग. दोघायलेबी समजत नाही."