वाटणीत राहून गेलेलं अर्थिंग

आमच्या शिनोलीच्या घराची वाटणी झाली तेव्हा विहिरीच्या पाळ्या ठरल्या, बांध ठरले, उकिरडासुद्धा वाटला गेला. अर्थिंगचा खड्डा मात्र कुणाच्या लक्षात आला नाही. तो चुलत्यांच्या अंगणात गेला. आमचं मीटर वेगळं झालं, तरी अर्थिंगची तार भिंतीवरून त्यांच्याकडेच जात राहिली. बांधावरून भांडण झालं त्या आठवड्यात त्यांनी ती पकडीनं तोडली.

त्यानंतर शेगडीला हात लावला की आईला झिणझिण्या यायला लागल्या. सिलिंडर आम्ही बाहेर ठेवतो. तिथून लवचिक स्टीलची नळी फ्रिजमागून ओट्यावर येते. ती फ्रिजला घासत होती आणि फ्रिजचा करंट तिच्यात उतरत होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ओतूरला इलेक्ट्रिकल शिकतो. अशी नळी जाड तारेनं घराच्या अर्थिंगला जोडावी लागते, नाहीतर ठिणगी उडून तिला भोक पडू शकतं, एवढं वर्गात कळलं होतं. मी फ्रिज बंद केला. पण वडिलांचं इन्सुलिन माठाजवळ किती दिवस ठेवणार?

चुलत्यांच्या दारात जाऊन मी कसंबसं म्हणालो, "काका, तार परत जोडू द्या. आईला शॉक बसतोय."

ते खाटेवरून उठलेही नाहीत. "खड्डा माझ्या वाटणीचा हाये. तुमचा करंट माझ्या जमिनीत कशाला?"

"तिच्या जिवाला धोका आहे."

"मग तिला म्हनावं, चपला घालून सैपाक कर. येवढं बी शिकवलं न्हाई व्हय रं कॉलेजात, इंजिनेर?"

आतून चुलती हसली. तेव्हा मला त्यांच्याविषयी जे वाटलं ते लिहायचं धाडस अजून होत नाही.

वडिलांनी आमच्याच बाजूला, भिंतीलगत नव्या अर्थिंगच्या खड्ड्यासाठी पहार मारली. लगेच पलीकडून आवाज आला, "त्या खड्ड्यात पानी वतनार न्हवं तुमी? माझ्या भिंतीला वलावा यील. ठेव पहार खाली!"

वडील भावाशी बोलत नाहीत. मला म्हणाले, "मागं चल." अर्थिंगला ओल लागते, म्हणून मोरीचं पाणी जिथं अळूत जातं तिथं आम्ही खणलं. पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. घोडेगावच्या वायरमननं फ्रिजची सोललेली वायर बदलली, घराचं अर्थिंग आणि गॅसची नळी त्या पाईपपासून आलेल्या एकाच पट्टीला जोडली, साबणाचा फेस लावून नळी गळत नाही ना ते पाहिलं.

फ्रिज सुरू केला. टेस्टर शेगडीवर पेटला नाही, तरी आई पुढं येईना. मी हाताची मागची बाजू शेगडीला लावली. काहीच झालं नाही. मग तिनं लावली.

"मेलं का रं कुनी?" भिंतीपलीकडून चुलत्यांनी विचारलं.

घरात असं काही काम झालं की आई त्यांच्याकडंही चहा धाडायची. मी सवयीनं त्यांचंही पाणी पातेल्यात ओतलं होतं. आईनं त्यातलं दोघांचं काढून टाकलं आणि शेगडी पेटवली.