सासूबाई आणि सहा टिकल्या

पहिल्यांदा मी नापास झाले ती आरशामुळे. हसा खुशाल, पण खरंय.

ठाकुर्लीच्या एका हॉस्पिटलात मी आयाबाई होते. बारावी सायन्स करून हातात काय, तर बेडपॅन! तिथे ईसीजी टेक्निशियनची जागा निघाली. मेट्रन म्हणाल्या, सर्टिफिकेट आण, जागा तुझी. मी टेंभी नाक्याला क्लास लावला.

हृदयाचा आलेख काढायला छातीवर सहा चकत्या लावतात. एक मधल्या हाडाच्या उजवीकडे, बाकी पाच डावीकडे, पार काखेपर्यंत. फासळ्या चाचपत जागा शोधायची. घरी चकत्या कुठून आणणार? टिकल्यांचं पाकीट फोडलं, दार लावून आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःलाच लावत सुटले. टिकली लावायची ती आरशात बघूनच, आपल्याला दुसरी सवय कुठेय?

परीक्षेत खराखुरा माणूस झोपलेला. मी त्याच्या पायाशी उभी. आरशात माझी डावी बाजू मला डावीकडेच दिसायची, याची डावी मात्र माझ्या उजव्या हाताला. डोळ्यांत आरसा बसलेला, त्यामुळे झपाझप पाच चकत्या त्याच्या उजवीकडे चिकटवल्या. परीक्षक म्हणाले, "बाई, यांचं हृदय कधी सरकलं?" सगळे खिदळले. अस्सा संताप आला!

घरी सासूबाई टपूनच बसलेल्या. "परक्या पुरुषांच्या छातीला हात लावायचा, कसली मेली ही नोकरी!"

"आई, त्यांचे बेडपॅन उचलते तेव्हा चालतं का तुम्हाला?" मी फाडकन बोलले.

पुढच्या परीक्षेपर्यंत मेट्रन जागा धरून ठेवणार होत्या, नंतर नाही. मग नवऱ्याला आडवं केलं. तर त्याला गुदगुल्या! पहिल्या फासळीलाच हा बाबा पलंगाखाली. मला रडूच कोसळलं.

सासूबाई दारातून बघत होत्या. "ऊठ रे, तुझ्याच्याने काही व्हायचं नाही," म्हणून त्यांनी त्याला बाहेर काढलं, कडी लावली आणि स्वतः आडव्या झाल्या. "लाव मला."

माझा हात पुढे होईना. सासरे गेल्यापासून त्यांनी टिकलीला बोट लावलं नव्हतं. "अगं, लाव म्हणते ना! ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा आम्ही ओवा देत बसलो. तेव्हा घरात कुणाला कळत असतं तर?"

मग रोज दुपारी जेवणं आटोपली की त्या आडव्या व्हायच्या. चुकले की हातावर चापट. "डावी माझी, तुझी नव्हे!"

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी टेंभी नाक्यावर देवीच्या मंडपाची ठोकाठोक चाललेली. समोर एक आजोबा झोपलेले. मनात म्हटलं, डावी यांची, माझी नव्हे. सहाच्या सहा चकत्या जिथल्या तिथे! कागदावर रेघ अशी स्वच्छ उमटली, की परीक्षकांनी तो कागद इतरांना दाखवायला ठेवून घेतला.

निकाल लागला तेव्हा मी वॉर्डातच होते. लगेच घरी फोन केला. हातातला बेडपॅन धुऊन जागेवर ठेवला, पेढे आणून पहिला मेट्रनना दिला आणि उरलेले घेऊन पळतच घर गाठलं.

सासूबाई जिन्यात शेजारणींना सांगत होत्या, "माझ्यावर शिकलीये ती, माझ्यावर!" मला बघून आत गेल्या. बराच वेळ बाहेर येईनात, म्हणून मी डोकावले. आरशासमोर उभ्या होत्या. माझ्या पाकिटातली एक बारीक टिकली त्यांच्या कपाळावर होती.

"बघतेस काय?" त्या म्हणाल्या. "पेढे काढ. आज मी वाटणार."