आकडे नसलेला आलेख

आमच्या भाऊजींना गल्लीत सगळे ‘गुळणी’ म्हणत. शत्रूला युद्धनौकेची चाहूल लागू नये म्हणून तिच्या पाण्यातल्या पंख्याचा आवाज कमी करायचा, हे त्यांचं काम. आणि त्याबद्दल घरी ब्रसुद्धा काढायचा नाही, ही नोकरीची अट. माणूस तीस वर्षं मिठाची गुळणी धरून जगला. ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा हे कुठल्या समुद्रात होते, ते तिला आजही माहीत नाही. परतल्यावर तिनं विचारलं, “एवढं काय अडलं होतं?” म्हणाले, “होतं काम.”

निवृत्तीच्या वर्षी नौदल अभियंत्यांच्या परिषदेत त्यांचा शोधनिबंध घेतला गेला. घरच्यांनाही बोलावणं होतं. ताई केस रंगवून, तयार होऊन आली. मला म्हणाली, “आज कळेल, माझ्या सवतीनं काय दिवे लावलेत ते!”

पण या मंडळींची एक रीत आहे. निबंध आधी सुरक्षा विभागाकडे जातो, आणि आकडे तिथेच राहतात. पडद्यावर आलेख आला. एक रेघ वर, एक खाली, आणि कडेला एकही आकडा नाही. लग्नाच्या फोटोतून नवरा-नवरीच कापून काढावी, तसं ते दिसत होतं.

दुसऱ्या रांगेतल्या एका प्राध्यापकानं विचारलं, “पण आवाज नेमका किती कमी झाला?”

भाऊजींनी पुढे बसलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

“बराच,” भाऊजी म्हणाले.

सभागृह हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचे आलेख असेच बोडके होते, मेल्यांना लाज कशी वाटली नाही! बक्षीस मासेमारी बोटींच्या पंपावरच्या निबंधाला मिळालं. त्यात आकडे होते.

आम्ही गाडीत येऊन बसलो. काचा बंद होत्या. ताई मागे भाऊजींच्या शेजारी होती. हळूच म्हणाली, “अहो, आता तरी सांगा. मी कुणाला सांगायला जाणार आहे? किती कमी झाला?”

भाऊजींनी तोंड उघडलं. मी किल्ली हातात धरून तसाच थांबलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“बराच,” म्हणाले.

ताईनं तोंड खिडकीकडे फिरवलं. “गाडी काढ रे,” ती मला म्हणाली.