तिरक्या पट्ट्यांचे दोन कोपरे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगायला बसलो की वाटतं — एवढंसं तर आहे, एका चौकोनाचे दोन कोपरे! त्यात लपवण्यासारखं काय?

मरोळला चादरी-पडद्यांची डिझाइनं करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत मी कामाला होतो. नीलाताई तिथे माझ्या आधीपासून. कागदावर ब्रशने रंगवायच्या. रंगांची नजर अशी, की शेड ठरवायची तर मालकही आधी त्यांच्या टेबलापाशी जायचा. मग सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं. मालक त्यांना म्हणाला, तीन महिन्यांत शिकून घ्या, नाहीतर अवघड आहे. आणि मला म्हणाला, तू शिकव.

शिकवलं ना मी. आडवे पट्टे, उभे पट्टे — अगदी नीट. एक छोटा तुकडा काढायचा, पॅटर्न म्हणून साठवायचा, मग हवी तेवढी जागा एका क्लिकमध्ये भरते. "एवढंच होय रे!" म्हणून ताई खुदकन हसल्या. आणि मला भीती वाटली. खरं सांगतो, भीतीच. नजर त्यांची, वेग माझा — वेगही त्यांच्याकडे गेला, तर मी कशाला हवा?

मग तिरके पट्टे आले. त्यात एक गोम आहे. त्या छोट्या चौकोनी तुकड्यात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पट्टा काढला, की उरलेल्या दोन कोपऱ्यांतही त्याच रंगाचे छोटे त्रिकोण भरावे लागतात. नाहीतर तुकड्याला तुकडा जुळतो त्या प्रत्येक जोडाशी पट्टा उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. ते त्रिकोण मी सांगितलेच नाहीत. विसरलो? छे. त्यांनी खाचा दाखवल्या, तेव्हा मी म्हणालो, "येतातच त्या, ताई. हाताने भरायच्या."

त्या भरत बसल्या. एकेक खाच. एका चादरीला दोन-दोन दिवस. मी तेच तासाभरात द्यायचो, आणि मालक बघत होता. तीन महिने संपले, त्यांना जायला सांगितलं. निघताना मलाच म्हणाल्या, "तू खूप केलंस रे माझ्यासाठी. माझंच डोकं चालत नाही." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला वाईट वाटतंय.

तेव्हा बोललो असतो तर? नाही बोललो — आणि आता पुरता अडकलोय. ताई वाकोल्याला घरी बसून ओळखीतली छोटी कामं घेतात. गणपतीत मला जेवायला बोलावतात, पाहुण्यांना सांगतात, "ह्यानेच शिकवलं मला." नाही गेलो तर फोन येतो. खरी रीत सांगावी, तर विचारणारच ना — मग तेव्हा का नाही सांगितलीस?

परवा गेलो होतो. ताई स्क्रीनला नाक लावून खाचा भरत होत्या. चष्म्याचा नंबर वाढलाय, मनगटाला बँडेज. मला बघून थांबल्या.

"काय रे, इतक्या वर्षांत ह्याची सोपी रीत काही निघाली की नाही?"

निघालीय, ताई, हल्लीच — एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझं जुनं पापही झाकलेलं राहिलं असतं. त्या कशाला खोदून विचारतायत? विश्वास आहे त्यांचा माझ्यावर.

मी म्हणालो, "नाही, ताई. असंच करावं लागतं."