चिक्कप्पांच्या पेन्शनची फेरतपासणी

माझ्या चिक्कप्पांचा उजवा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता, आणि त्यांच्या लग्नाला आलेल्या निम्म्या पाहुण्यांना जेवून हात धुवेपर्यंत ते कळलं नव्हतं. मुलीकडच्यांना अर्थातच सांगितलं होतं. बाकीच्यांना चिक्कप्पांनी नुसतं चालून फसवलं.

चिक्कप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या मुरलेलं की ‘काका’ हा शब्द आम्हाला फक्त पुस्तकात भेटायचा. घरात अण्णा, अक्का, चिक्कप्पा आणि त्यांची बायको ती चिक्कम्मा. महायुद्धात चिक्कप्पा ब्रह्मदेशात गेले होते. पाय तिथे राहिला, ते परत आले. यापेक्षा जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. मग एका सिनेमा थिएटरात तिकिटं विकायची नोकरी लागली. तिकिटाच्या खिडकीतून माणसाचा चेहरा आणि हात एवढंच दिसतं, त्यामुळे ती जागा त्यांना फार पसंत होती.

पगार घरखर्चाला पुरायचा. शिवाजीनगरातल्या दोन खोल्यांचं भाडं मात्र अपंगत्वाच्या पेन्शनीतून जायचं. पेन्शन गेली तर खोल्या जाणार आणि दोघांना आमच्या घरी येऊन राहावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “इकडेच या की, घर काय माझ्या एकट्याचं आहे?” असं वडील नेहमी म्हणत. ते मनापासून म्हणत, आणि चिक्कप्पांना भीती होती ती त्याचीच.

एकोणीसशे पन्नासचं दशक उताराला लागलं होतं तेव्हा सरकारला काटकसर सुचली. सरकारी काटकसर मोटारींपासून किंवा स्वागताच्या कमानींपासून सुरू होत नाही. या खेपेला ती हातपाय गमावलेल्यांपासून सुरू व्हायची होती. युद्धात जायबंदी झालेल्यांची फेरतपासणी करायची आणि ज्यांना आपल्या व्यंगाची सवय झाली आहे, जे कमावते झाले आहेत, त्यांचे टक्के उतरवायचे, असा विचार चालू असल्याचं पेपरात आलं. अपंगत्व टक्क्यांत मोजतात हे मला तेव्हाच कळलं. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, आणि आम्ही मुलींच्या बुद्धीचं तेच करत होतो.

आमच्या भागात एक मिलिटरी हॉटेल होतं. बेंगळुरात मटण मिळणाऱ्या खाणावळीला मिलिटरी हॉटेल म्हणतात. मालक बहुधा आपल्यापैकीच कोणी मराठा असतो आणि लष्कराशी त्याचा संबंध फक्त भुकेपुरता. या हॉटेलात मात्र खरोखरीचे माजी सैनिक जमत. पेपरातली बातमी आली त्या रविवारी मी घरी रस्सा न्यायला डबा घेऊन गेले, तर चिक्कप्पाही तिथेच होते आणि रश्श्यापेक्षा माणसं जास्त उकळत होती.

चिक्कप्पांचा एक तमिळ दोस्त होता. त्याचा डावा हात खांद्यापासून नव्हता. तो फौजी हिंदुस्थानीत म्हणाला, “सरकार बोलता है, आदत हो गया. आदत तो हो गया. हाथ किधर उगा?”

हॉटेलचे मालक गल्ल्यावरून म्हणाले, “अण्णा, मी सांगतो तसं करा. डॉक्टरासमोर स्वल्प लंगडा. काठी घ्या. दाढी चार दिवस करू नका. काय जातंय तुमचं?”

“नाटक करू म्हणता?” चिक्कप्पा म्हणाले.

“रोज चालता ते काय आहे मग?”

सगळे हसले. चिक्कप्पाही हसले, पण थोडे उशिरा.

मग एक निषेधसभा झाली. वक्ते बरेच होते आणि सगळ्यांचे हातपाय शाबूत होते. अध्यक्ष तासभर उशिरा आले. खुर्च्या मंचावर होत्या. ज्यांच्यासाठी सभा होती ते खाली सतरंजीवर, कारण सन्माननीय पाहुण्यांना पुरल्यानंतर खुर्च्या उरल्या नाहीत. लाकडी पाय घेऊन सतरंजीवर बसणं हे एक काम असतं, उठणं हे त्याहून मोठं. अध्यक्षांनी भाषणात या वीरांचं ऋण फिटणार नाही असं सांगितलं, आणि सरकार ते फेडायचंच थांबवणार होतं, म्हणून ते वाक्य मला फार नेमकं वाटलं. शेवटी ते म्हणाले, “वीरांच्या सन्मानार्थ आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहू या.” वीर एकमेकांचे खांदे धरत स्वतःच्याच सन्मानार्थ उठू लागले. शेवटचा उभा राहीपर्यंत दोन मिनिटं संपून हार सुरू झाले होते.

तरी त्या दिवशी लोकांचा राग खरा होता. बाजारातले दुकानदार, बसवाले, शेजारपाजारचे, ज्यांच्या घरी कोणी युद्धावर गेलं नव्हतं तेही आले होते. परत येताना एक भाजीवाली कन्नडमध्ये चिक्कम्माला म्हणाली, “पाय घेतला तेव्हा यांनी तपासणी केली होती का, बाई?” त्या सभेतलं सर्वांत चांगलं भाषण मला हेच वाटतं, आणि ते सभेबाहेर झालं.

मग चिक्कप्पांना फेरतपासणीचं बोलावणं आलं. चिक्कम्मा मला म्हणाली, “तू पण चल. इंग्रजीत काय लिहितात ते कळायला नको?”

सकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चिक्कप्पा बुटांना पॉलिश करत बसले होते. दोन्ही बुटांना. गुळगुळीत दाढी केलेली, कोटाला इस्त्री, छातीवर पदकं. चिक्कम्मा दारात उभी राहून बघत होती.

“लग्नाला चाललात?” ती म्हणाली.

“तपासणी आहे.”

“म्हणूनच विचारते. हॉटेलवाल्या अण्णांनी काय सांगितलं होतं?”

“तपासणीला घाणेरडे बूट घालून मी आयुष्यात गेलो नाही.”

“रात्री कापूस आणि गरम पाणी मी घेऊन बसते, तेव्हा बूट कुठे असतात तुमचे?”

चिक्कप्पा टाचेला ब्रश मारत राहिले. लाकडी पाय त्यांना खुंटाशी घासायचा, कातडी फुटायची, आणि चिक्कम्मा ती रोज धुवायची. हे घरात माहीत होतं, पण बोललं जात नव्हतं. त्यांनी पाय काढलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या वडिलांनीही नाही.

दवाखान्याच्या आवारात पोहोचलो आणि मी थक्क झाले. सभेत आरोळ्या देणारे झाडून सगळे तिथे हजर होते, आणि सगळे चकचकीत. इस्त्रीचे कपडे, पिळलेल्या मिशा, ओळीने पदकं. एकानेही हॉटेलवाल्यांचा सल्ला मानला नव्हता. शिपायाने दारातून ‘लाइन में’ म्हटलं मात्र, आणि ती सगळी तुटकी माणसं ताठ झाली. इतकी नीटस रांग मी शाळेत कधी लावू शकले नाही. या माणसांना आयुष्यात एकच तपासणी माहीत होती. तिच्यात पास व्हायचं असतं. नापास होण्यासाठी तपासणी असते, हे त्यांच्या डोक्यात कोणी घालू शकलं नसतं.

तमिळ दोस्त आधी आत गेला आणि लवकरच बाहेर आला. डॉक्टरांनी विचारलं, एका हाताने काय काय जमतं. तर याने एका हाताने काडी पेटवून दाखवली.

“क्या बोला?” चिक्कप्पांनी विचारलं.

“शाबाश बोला,” तो म्हणाला. “आधा काट दिया.”

चिक्कप्पांचं नाव पुकारलं. चिक्कम्मा आणि मी दारातल्या बाकावर बसलो. दार उघडंच होतं. चिक्कप्पा टेबलापर्यंत चालत गेले आणि त्यांनी सलाम ठोकला. तशी चाल मी परेडमध्येही पाहिली नव्हती. डॉक्टर मध्यम वयाचे, दमलेले, वाईट माणूस नव्हेत. रांग लांब होती आणि नीट चालणाऱ्याला उघडं करून बघण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता, कदाचित धाडसही नसावं. त्यांनी कौतुकाने मान हलवली.

“काही त्रास?” त्यांनी हिंदुस्थानीत विचारलं.

“नाही साहेब,” चिक्कप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी लेखणी उचलली. चिक्कम्मा बाकावरून उठली आणि सरळ आत गेली. नातेवाइकांनी आत यायचं नाही असं शिपाई म्हणत होता. ते तिला कळलं नाही असं तिने दाखवलं.

“पाय काढा,” ती चिक्कप्पांना म्हणाली.

“तू बाहेर जा.”

“जाते. काढल्यावर जाते.”

“घरी बोलू.”

“कुठल्या घरी? अण्णांच्या?” ती म्हणाली, म्हणजे माझ्या वडिलांच्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून इंग्रजीत विचारलं, या काय म्हणतात. मी दारातूनच सांगितलं की त्या पाय काढून दाखवायला सांगताहेत. डॉक्टर संकोचून म्हणाले, त्याची गरज नाही. मी तेही मराठीत सांगितलं. चिक्कम्मा जागची हलली नाही. चिक्कप्पा काही वेळ ताठ उभे राहिले, मग शेजारच्या स्टुलावर बसले आणि खाली वाकले. मला म्हणाले, “दार ओढून घे.”

मी दार ओढलं. आतून पट्ट्यांचा आवाज आला, मग लाकूड फरशीला लागल्याचा. मग डॉक्टर हळू आवाजात काही बोलले, ते मला ऐकू आलं नाही.

टक्के होते तेवढेच राहिले. डॉक्टरांनी वर मलम लिहून दिलं आणि चिक्कम्माला नमस्कार केला. आत काय झालं हे बाहेरच्या रांगेला कळताच दोघे-तिघे पदकं काढून खिशात ठेवू लागले. बाकीच्यांनी नाही ठेवली. त्यातल्या कोणाचं बरोबर होतं हे मला आजही ठरवता येत नाही. ज्याने मान ताठ ठेवायची त्याची पेन्शन कापायची, आणि ज्याला पेन्शन द्यायची त्याने आधी मान खाली घालायची, असा हिशेब कोणा एका दुष्ट माणसाने बसवलेला नव्हता. तो आपोआप बसला होता, आणि म्हणून तो बदलायला कोणाकडे जावं हेही कळत नव्हतं.

आवारातून बाहेर पडताना चिक्कप्पांनी चिक्कम्माच्या खांद्यावर हात ठेवला. त्या काळी रस्त्यात नवरा चार पावलं पुढे आणि बायको मागे असं चालायची रीत होती. खांद्यावर हात वगैरे सिनेमातही जरा जपूनच दाखवत. बस स्टँडकडे जाणारी माणसं वळून बघू लागली. चिक्कप्पा पाय ओढत चालत होते.

मला वाटलं, खिडकीतून डॉक्टर बघत असतील म्हणून. चिक्कम्मालाही तसंच वाटलं असावं, कारण कोपऱ्यावरून वळल्यावर ती म्हणाली, “आता तिथून दिसत नाही. काढा हात. लोक बघतायत.”

“बघू दे,” चिक्कप्पा म्हणाले. “स्वल्प हळू चल.”