उजवा गाल

औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा मेकअपचा क्लास होता. तिथे तिला मॅडम म्हणत आणि घरी ताई. आपण ताईच म्हणू, कारण मॅडम म्हटलं की ती उगाच मान ताठ करायची. खोलीत सहा खुर्च्या, भिंतभर आरसा, एक गोल दिवा आणि कापसाची पाकिटं. अठरा वर्षं ती नवशिक्या बायकांना एकच गोष्ट शिकवत आली होती: गालावर नसलेला खड्डा असल्यासारखा कसा दाखवायचा. त्याला कंटूरिंग म्हणतात. "ही चोरी आहे, बायांनो," ती सांगायची, "आणि रेघ दिसली की चोर सापडला."

पहिल्या दिवसाचा धडा ठरलेला. गाल आत ओढा. कानापासून ओठांच्या कोपऱ्याकडे या, पण डोळ्याच्या बाहुलीखाली पोचलात की थांबा. रंग आपल्या कातडीपेक्षा दोन छटा गडद घ्या, त्यात लाली नको, कारण सावलीला लाली नसते. मग ओल्या स्पंजाने वरच्या बाजूला मिसळा. खाली ओढलंत तर दाढी उगवेल. इतकं घोकून घेऊनही दर बॅचला एकीला तरी दाढी उगवायचीच, आणि ताई सगळ्यांदेखत तिची फिरकी घ्यायची. जीभ तिखट, पण हात मऊ, म्हणून कुणी क्लास सोडून जात नसे.

नमुन्याचा चेहरा धाकट्या बहिणीचा. तिला सगळे गोलू म्हणत, कारण तिचा चेहरा कंपासने काढल्यासारखा गोल होता. ती एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. दोघी बहिणी दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. आई दूर, भावाकडे. शनिवारी शाळा सुटली की गोलू क्लासला यायची आणि बॅग कोपऱ्यात टाकून खुर्चीत बसायची. ताई तिचा फक्त डावा गाल रंगवायची आणि उजवा कोरा ठेवायची, म्हणजे बायकांना फरक कळावा. रंगवता रंगवता चेष्टाही व्हायची. "हा गाल बघा, याच्यावर विमान उतरेल," ताई म्हणायची आणि गोलू गाल फुगवून सगळ्यांना हसवायची.

त्या वर्षी ताई स्वतःवर भलतीच खूश होती. दोनचार हात मारले की डावा गाल कसा छान आत जायचा! पूर्वी त्याच चेहऱ्याला अर्धा तास लागायचा. "बघ गं, आता कुठे माझ्या हाताला वळण लागलंय," ती गोलूला म्हणायची. गोलू अर्धं जेवून ताट सारायची, तेव्हा ताई म्हणायची, "बरंय, जरा बारीक हो." कपडे सैल झाले तेव्हा तिनेच ते आतून आवळून दिले. मनात पाल चुकचुकायला हवी होती, पण ताईला नव्या हाताचं कौतुक आवरत नव्हतं.

मग एका शनिवारी, डावी बाजू पूर्ण झाल्यावर, मागच्या खुर्चीतली एक नवी बाई भीत भीत म्हणाली, "मॅडम, दोन्ही गाल सारखेच दिसतायत."

"चष्मा लाव," ताई म्हणाली. बायका हसल्या. पण तिने आरशात पाहिलं आणि बाईचं म्हणणं खरं निघालं.

ताई भडकली. "गोलू, आधीच लावून आलीस? नमुन्याने तोंड धुऊन यायचं, एवढंही कळत नाही तुला?"

"नाही गं ताई, काही लावलेलं नाही."

"मला शिकवू नको." तिने कापसावर क्लिन्झर ओतलं आणि उजव्या गालावरून जोरात फिरवलं. कापूस पांढराच राहिला. तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला. गाल लाल झाला, पण गालाच्या हाडाखालची सावली जागची हलली नाही. गोलूने तिचं मनगट धरलं आणि ती हळूच म्हणाली, "ताई, पुरे. दुखतंय."

सोमवारी दवाखाना झाला, पुढच्या आठवड्यात मोठं हॉस्पिटल. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टरांनी विचारलं, "वजन केव्हापासून उतरतंय? घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" दर शनिवारी ती हा चेहरा वीतभर अंतरावरून पाहत होती. आजार बहिणीचे गाल खात होता आणि ही स्वतःची पाठ थोपटत होती. याला क्षमा नाही, हे तिला तिथेच, त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

दीड महिन्यात गोलूची रया गेली. आईला फोनवर फक्त पोटाचं दुखणं म्हणून सांगितलं होतं. तरी तिला राहवेना, तिने रविवारी येते म्हणून कळवलं.

"ताई, तिने मला असं बघायला नको," गोलू म्हणाली. "तू कर ना काहीतरी. तुला येतं."

ताईला येत होतं. फक्त सगळं उलटं करायचं होतं. जिथे खोल तिथे उजळ, जिथे हाड वर आलंय तिथे गडद. तिने डोळ्यांखाली, कानशिलांवर, गालांच्या खळग्यांत दोन छटा उजळ रंग भरला, हाडांची धार मोडली, वर जराशी लाली दिली. घरातला तिचा पलंग खिडकीसमोर ओढला आणि डोक्यावरची ट्यूब बंद केली, कारण वरून येणारा उजेड सगळं उघडं पाडतो. गळ्याभोवती शाल गुंडाळली. तास लागला. अठरा वर्षांत इतकं सुरेख काम तिच्या हातून झालं नव्हतं.

आई आली ती पंधरा दिवसांचे कपडे घेऊन. दारातच थांबली, पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "अगं, मी किती घाबरले होते! चांगली तर दिसतेस." मग तिने भावाच्या घरच्या अडचणींचा पाढा वाचला: सुनेला सुट्टी नाही, नळ गळतोय. "बरी आहेस तर मी उद्या सकाळच्या बसने निघते. पुढच्या महिन्यात निवांत येईन."

गोलूचे डोळे भरून आले. तिने ताईकडे पाहिलं. आईच्या मागे उभ्या असलेल्या ताईने पटकन बोटानेच खूण केली: रडू नको, ओघळ येतील.

गोलूने डोळे मिटून घेतले. रात्री ताईने दिवा लवकर मालवला; सोमवारी भल्या सकाळी आई गेली.

मंगळवारी दुपारी गोलू म्हणाली, "आई थांबली असती तर बरं झालं असतं ना गं?" ताई म्हणाली, "उद्या बोलावते." बुधवारी सकाळी तिने फोन केला, पण आईला बस मिळून ती पोचेपर्यंत गुरुवार उजाडला होता. गोलू पहाटेच गेली होती.

आई पलंगापाशी गेली. तिने त्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "हे काय फासलंयस तिला? पोरगी चांगली भरलेली होती." तिने उशाशी पडलेला रुमाल पाण्यात बुडवला आणि ती उजवा गाल पुसायला लागली. एकदा पुसला, रुमाल उलटून पाहिला, पुन्हा पुसला.

"आई, नको," ताई म्हणाली. "आज काही लावलेलं नाही."

आईचा हात थांबला. तिने तो स्वच्छ रुमाल घडी करून बाजूला ठेवला.

"म्हणजे रविवारी लावलं होतंस," ती म्हणाली. "अगं, मी पंधरा दिवसांचे कपडे आणले होते."